गाऊट आणि गुडघा: ११ महिने गोळ्या, ८ महिने सुया

वय ५४, माध्यमिक शाळेत शिक्षक, राहणार सोलापूर. उजव्या पायाच्या अंगठ्याला गाऊट, म्हणजे रक्तातलं युरिक ॲसिड वाढून सांधा पेटणारा आजार, आणि डाव्या गुडघ्याला झिजेचा संधिवात. गेल्या संक्रांतीनंतर युरिक ॲसिड उतरवणारं ॲलोपुरिनॉल सुरू केलं, एप्रिलपासून गुडघ्यासाठी ॲक्युपंक्चरच्या सुया. दोन्हींचा अनुभव एकत्रच लिहितोय, कारण लोक हे दोन आजार ‘वात’ या एका शब्दात गुंडाळतात. मीही चार वर्षं तेच केलं आणि त्याची किंमत मोजली.

पहिला झटका चार वर्षांपूर्वी रात्री दोनच्या सुमाराला आला. अंगठ्याच्या बुडाचा सांधा लालबुंद, गरम, आणि असा ठणका की पांघरुणाचं टोक लागलेलंही सहन होईना. सकाळी रक्त तपासलं तर युरिक ॲसिड ६.१. ‘नॉर्मल आहे, गाऊट नाही, मुका मार असेल’ असं सांगून मला दुखण्याच्या गोळ्या दिल्या. ऐन झटक्यात युरिक ॲसिड नॉर्मल दिसू शकतं, म्हणून झटका ओसरल्यावर दोनेक आठवड्यांनी पुन्हा तपासायचं असतं, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. पुढे वर्षाला तीन-चार झटके येत राहिले, दर वेळी त्याच गोळ्या, बऱ्याचदा मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय. शेवटी संधिवाततज्ज्ञांकडे गेलो तेव्हा युरिक ॲसिड ९.२ होतं आणि किडनी कशी चालते ते सांगणारं क्रिएटिनिन १.४, म्हणजे वाढलेलं. त्या १.४ ची भीती अंगठ्याच्या दुखण्यापेक्षा मोठी होती. माझ्यासारखं कुणी वर्षानुवर्षं नुसत्या वेदनाशामकांवर दिवस काढत असेल, तर त्यांनी आधी किडनीची तपासणी करून घ्यावी, ही कळकळीची विनंती.

डॉक्टरांनी आधी माझ्या बाकीच्या गोळ्या पाहिल्या. बीपीच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड होतं. त्या औषधाने लघवी जास्त होते, पण युरिक ॲसिड शरीरातच अडकून राहतं. त्यांनी ते बदलून लोसार्टन दिलं, त्याने उलट थोडं युरिक ॲसिड बाहेर पडतं. मग ॲलोपुरिनॉल १०० पासून सुरू. सोबत झटके आवरणारं कोल्चिसिन ०.५, रोज एक, निदान सहा महिने. अंगावर पुरळ उठलं तर त्याच क्षणी ॲलोपुरिनॉल बंद करून यायचं, हे त्यांनी दोनदा बजावलं, कारण सुरुवातीच्या महिन्यांत क्वचित कुणाला त्याची फार गंभीर रिॲक्शन येते. मला आली नाही.

माझी चूक कोल्चिसिनबाबत झाली. पहिल्या आठवड्यात जुलाब झाले म्हणून मी ते परस्पर बंद केलं. सौ.चं माहेर कोकणातलं. तिकडे पावसात कुंपणावर कळलावी फुलते, तिचा कंद विषारी म्हणून लहान मुलांना जवळ जाऊ देत नाहीत. त्याच कळलावीत कोल्चिसिन असतं हे कळल्यावर घरातल्यांचाही धीर सुटला. तिसऱ्या आठवड्यात गेल्या चार वर्षांतला सगळ्यात वाईट झटका आला. ‘गोळी बाधली, सोडून दे,’ असं दादापासून स्टाफरूमपर्यंत सगळ्यांनी सांगितलं.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, ‘ॲलोपुरिनॉल मुळीच थांबवू नका, कोल्चिसिन का सोडलंत ते आधी सांगा.’ रक्तातलं युरिक ॲसिड ६.८ च्या वर गेलं की त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यात बसू लागतात. गोळीने पातळी उतरली की हे जुने थर सुटू लागतात आणि सुटताना सांधा भडकतो. विहिरीचा गाळ उपसायला घेतला की पाणी आधी जास्त गढूळ होतं, तसं. म्हणूनच पहिले काही महिने कोल्चिसिनचा पहारा लागतो. गोळी लागू पडतेय त्याचंच हे लक्षण होतं आणि मी नेमक्या त्याच वेळी ती सोडायला निघालो होतो! कोल्चिसिन जेवणानंतर पुन्हा सुरू केलं, आठवड्याभरात पोटही सावरलं. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: ऑगस्टमध्ये खोकल्यासाठी दुसऱ्या डॉक्टरांनी क्लॅरिथ्रोमायसिन लिहिलं होतं. कोल्चिसिन चालू असताना ते घेतलं तर कोल्चिसिन शरीरात साठून विषासारखं होऊ शकतं. मी चालू गोळ्यांची यादी दाखवली म्हणून त्यांनी औषध बदललं. ती यादी तेव्हापासून कायम पाकिटात असते.

ॲलोपुरिनॉल १०० वरून २००, मग ३००. दर वेळी रक्त तपासून. आकडे असे उतरले: ९.२, ७.६, ६.५, आणि आता ५.४. लक्ष्य ६ च्या खाली. मे महिन्यात उन्हातान्हात लग्नाला गेलो, दिवसभर पाणी पोटात गेलं नाही, तेव्हा एक हलका झटका आला. जूननंतर एकही नाही.

आता गुडघा. शाळा तीन मजली आणि दिवसातून पाच-सहा वेळा चढउतार. एक्स-रेत मध्यम झीज. किडनीमुळे वेदनाशामकं बंद झाली होती, पॅरासिटॅमॉलने भागत नव्हतं, म्हणून डॉक्टरांना विचारूनच ॲक्युपंक्चरकडे वळलो. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी वेगळा कायदा आहे, त्यामुळे नोंदणी असलेल्या मॅडम शोधल्या. त्यांच्या दवाखान्यात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा फोटो आहे. भैया चौकातलं त्यांचं स्मारक आम्ही पोरांना सहलीला नेऊन दाखवतो, पण ॲक्युपंक्चर कोटणीसांनीच शिकून घेतलं असा माझा समज होता. मॅडमनी तो दुरुस्त केला. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या भारतीय डॉक्टरांच्या पथकात कोटणीस होते, तिथे त्यांनी युद्धातल्या जखमींवर शस्त्रक्रिया केल्या आणि १९४२ मध्ये तिथेच गेले. त्यांचे पथकातले सहकारी डॉ. बिजॉयकुमार बसू १९५० च्या दशकात पुन्हा चीनला गेले, विद्या शिकले आणि कोलकात्यात त्यांनी ती रुजवली. सोलापूरकर म्हणून मला हे आधीच माहीत असायला हवं होतं.

सुई केसापेक्षा थोडी जाड. टोचताना मुंगी चावल्यासारखं, मग आत एक जड, पसरणारी कळ येते. ती यावी लागते, असं मॅडम म्हणतात. गुडघ्याभोवती सहा-सात सुया, एक गुडघ्याखाली नडगीच्या बाहेरच्या अंगाला, चारांना चिमटे लावून बारीक वीज, २५ मिनिटं. दर वेळी सुयांचं नवं पाकीट माझ्यासमोर फोडतात. नसेल फोडत तर तिथून उठावं. पहिल्या चार बैठकांत काहीच फरक नव्हता. सहाव्यानंतर सकाळचा आखडलेपणा कमी झाला. दहा बैठका आठवड्यातून दोन, मग आठवड्याला एक, आता तीन आठवड्यांनी एक. बैठकीचे ४०० रुपये.

मी वहीत रोज लिहीत होतो. एप्रिलमध्ये तिसऱ्या मजल्यापर्यंत दोनदा थांबायचो, आठवड्याला १० ते १२ पॅरासिटॅमॉल लागायच्या. आता न थांबता चढतो आणि महिन्याला दोन-तीन लागतात. हे सगळं श्रेय सुयांना देता येणार नाही, कारण त्याच काळात गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायचा व्यायाम रोज केला आणि वजन ५ किलो उतरलं. तज्ज्ञांचंही एकमत नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये गुडघ्याच्या झिजेसाठी ॲक्युपंक्चरची सशर्त शिफारस केली, तर कुठले उपचार द्यावेत याची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०२२ मध्ये ते देऊ नये असं म्हटलं. मला उपयोग झाला आणि किडनीला धक्का लागला नाही, म्हणून मी ते चालू ठेवलंय.

पण गाऊटला सुया? मेच्या झटक्यात मी लंगडत मॅडमकडेच गेलो होतो, अंगठ्यालाही टोचा म्हणून. त्यांनी हाताच्या पाठीने सांधा चाचपला आणि स्पष्ट नाही म्हणाल्या. ‘सर, हा सांधा पेटलाय, इथे सुई लावणार नाही. आणि सुईने स्फटिक विरघळत नाहीत. तुमच्या डॉक्टरांना आत्ता फोन करा, मी रिक्षा बोलावते.’ त्या दिवसापासून माझा त्यांच्यावरचा विश्वास दुप्पट झाला. ‘गोळ्या बंद करा, आम्ही मुळापासून बरं करतो’ म्हणणारेही मला भेटले होते.

पथ्याबद्दल थोडं. चार वर्षं मी तुरीची आमटी, पालक, टोमॅटो सगळं सोडलं होतं आणि झटके येतच होते. प्युरिन म्हणजे अन्नातला तो घटक ज्याचं शरीरात युरिक ॲसिड होतं, पण डाळी-भाज्यांतल्या प्युरिनमुळे गाऊट वाढत नाही. वाढतो तो वजरी-काळजाने, कोलंबीसारख्या मासळीने, दारूने, त्यातही बिअरने, आणि गोड शीतपेयांनी. वजरी सोडणं मला जड गेलं, आमटी परत मिळाल्यावर बरं वाटलं. पथ्याने आकडा थोडाच उतरतो, ९ वरून ५ वर तो गोळीनेच आला.

क्रिएटिनिन आता १.२ आहे. कोल्चिसिन सप्टेंबरमध्ये बंद झालं. ॲलोपुरिनॉल मात्र बहुधा जन्मभर, रोज रात्री जेवणानंतर एक. पुढची तपासणी मार्चमध्ये, ऊन तापायच्या आत.