नळाला गरम पाणी आणि मीटरला वेग

ज्यांनी उन्हावर पाणी तापवणारा सोलर बसवून घेतला आहे त्यांनी एक तपासणी आधी करावी, मग पुढचं वाचावं. रात्री टाकीतलं गरम पाणी वापरून संपवायचं. सकाळी बॅकअप कॉइलचा, म्हणजे ऊन कमी पडलं तर टाकीतलं पाणी विजेने तापवणाऱ्या कॉइलचा, खटका बंद करायचा, आकाश निरभ्र असलेला दिवस निवडायचा आणि ऊन उतरल्यावर पाणी थर्मामीटरने मोजायचं. आमच्याकडे हे व्हायला फार वेळ गेला, कारण तो खटका आमच्या हाती दिलेलाच नव्हता.

आमच्याकडे वर्षाचे बहुतेक महिने लख्ख ऊन असतं. घरात माणसं सहा, त्यामुळे विजेच्या बिलात गिझरचा वाटा मोठा. सोलर बसवायचा विचार योग्यच होता आणि आजही मी तो योग्यच मानते. आम्हाला फसवलं ते बसवणाऱ्याने. त्या तंत्राला दोष द्यायचं मला काहीच कारण नाही.

विक्रेता बोलायला अतिशय नम्र. सासऱ्यांना 'काका', मला 'ताई'. गच्चीवर जाऊन मोजमाप घेतलं, ऊन शोषून पाणी तापवणारी काचेची नळी हातात देऊन दाखवली, म्हणाला, "ताई, एवढं ऊन फुकट जातंय तुमचं. ढगाळ दिवस सोडले तर विजेचं नाव घ्यायचं नाही." अनुदानाची मुदत संपत आली आहे, आजच सही झाली तर नाव यादीत लागेल, असंही सांगितलं. आमच्या नावाचा असा कोणताही अर्ज कधी गेलाच नव्हता, हे पुढे कळलं. जुना गिझर त्याने 'एक्स्चेंज'मध्ये उचलून नेला. तेव्हा ती सवलत वाटली. आता वाटतं, जुन्या-नव्याची तुलना करायला घरात काही उरू नये हाही त्यामागचा हेतू असावा.

कोटेशनवर लिहिलं होतं: 200 लिटर, 20 ट्यूब (म्हणजे त्याच काचेच्या नळ्या), पफ इन्सुलेशन (टाकीची उष्णता टिकवणारं फोमचं आच्छादन), बॅकअप कॉइल मोफत. यातलं एकही वाक्य सरळसरळ खोटं म्हणता येत नव्हतं, आणि एकही खरं नव्हतं.

पहिले काही आठवडे घरात आनंद होता. नळ उघडला की पहाटेही वाफाळतं पाणी. तो अधूनमधून येऊन चौकशी करायचा, आणि येताना बरोबर कोणीतरी नवीन गिऱ्हाईक असायचं. "काका, यांना जरा नळ दाखवता का?" सासरे हौसेने दाखवायचे. लोक पाण्याला हात लावायचे, चटका बसायचा, खूश होऊन जायचे. आमच्या नळाला हात लावून दोन घरांनी सही केली. सगळ्यात जास्त मला हेच लागलं आहे, आणि हे लिहायचं कारणही तेच.

बिल मात्र उतरलं नाही, उलट चढलं. विचारलं तर उत्तरं तयार: ऋतू बदलतोय, मीटर जुना आहे, पंख्याचा वापर वाढला असेल, एक सीझन जाऊ द्या. सासऱ्यांना हे पटेना. त्यांनी वहीत रोज मीटरचं रीडिंग लिहायला घेतलं, सकाळी उठल्यावर आणि झोपताना. घरातले सगळे झोपलेले असतानाही मीटर बरंच पुढे सरकत होतं. फ्रिज आणि दोन पंखे एवढं खाणार नाहीत, एवढं आम्हालाही कळत होतं.

मग वीजवाहिनीच्या दुरुस्तीसाठी आदल्या रात्रीपासून वीज बंद राहिली. दुसऱ्या दिवशी ऊन असं की गच्चीवर पाय ठेववत नव्हता. संध्याकाळी नळ उघडला तर पाणी कोमट. सासरे म्हणाले, "वीज गेली की सोलर थंड पडतो, असं कसं?" त्या प्रश्नाने सगळा उलगडा सुरू झाला.

इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने जुन्या गिझरच्या लाइनवरची पट्टी काढली तर मागून एक वायर थेट गच्चीवर टाकीतल्या कॉइलला गेलेली. मध्ये खटका नाही, वेगळा एमसीबी (जादा वीज वाहिली की आपोआप पडणारा खटका) नाही, गळती झाली तर लाइन तोडणारं उपकरण नाही आणि अर्थिंगची वायर नुसती गुंडाळून ठेवलेली. वायरमधून जाणारी वीज मोजणारा क्लॅम्प मीटर लावला तर कॉइल चालू, भर दुपारी. दोन किलोवॅटची कॉइल, थर्मोस्टॅट 60 अंशांवर लावलेला, झाकण स्क्रूने बंद. म्हणजे पाणी जरा निवलं की वीज आपोआप सुरू, दिवसा आणि रात्रीही. त्या पाण्याखाली घरातली मुलं अंघोळ करत होती. पैशांचं दुःख एका बाजूला, हे आठवलं की अजूनही अंगावर काटा येतो.

बॅकअप कॉइल ही वाईट गोष्ट नाही. सलग ढगाळ हवा असेल तर ती लागतेच. शिवाय साठवलेलं पाणी कायम कोमट राहणंही बरं नाही. 20 ते 45 अंशांच्या दरम्यान न्यूमोनियासारखा आजार करणारे लेजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात, म्हणून साठवणीचं पाणी 60 अंशांपर्यंत तापलेलं असावं असं सांगतात. पण कॉइल कधी चालू आहे हे घरच्या माणसाला दिसलं पाहिजे आणि तिचा खटका त्याच्या हातात पाहिजे. आमच्याकडे तीच कॉइल सगळी लबाडी झाकायला वापरली होती. कमी दर्जाची, अपुरी यंत्रणा बसवायची आणि तिचं अपुरेपण आमच्याच विजेने भरून काढायचं. नळाला गरम पाणी आहे तोवर कोण कशाला गच्चीवर जाईल?

आता अपुरी म्हणजे किती, तो हिशोब सांगते. हा हिशोब कोणालाही घरी करता येतो. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते, आणि विजेच्या एका युनिटात 860 किलोकॅलरी असतात. 200 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 वर न्यायचं तर 8000 किलोकॅलरी, म्हणजे सव्वानऊ युनिट हवीत. निरभ्र दिवशी, नीट कललेल्या एक चौरस मीटरवर साधारण पाच ते सहा युनिटएवढं ऊन पडतं. चांगला कलेक्टर, म्हणजे ऊन झेलून पाणी तापवणारा भाग, त्यातलं निम्म्याहून थोडं जास्त पाण्यात उतरवतो. म्हणजे ऊन शोषणारा पृष्ठभाग तीन चौरस मीटरच्या आसपास लागेल. अंघोळीला 40 अंशांचं पाणी पुरतं, गरमात थंड मिसळता येतं, त्यामुळे त्याहून थोडा कमी असला तरी घर चालतं. आमच्याकडे तो जेमतेम एक चौरस मीटर होता.

नळ्या मात्र 20 होत्या, मोजून. बाजारात 58 मिलिमीटर जाडीच्या आणि 1800 मिलिमीटर लांबीच्या नळ्या मिळतात, तशाच 47 मिलिमीटर जाडीच्या आणि 1500 लांबीच्याही मिळतात. हातात दाखवली ती मोठी, बसवल्या त्या लहान. एका मोठ्या नळीचा शोषक पृष्ठभाग लहान नळीच्या दीडपट असतो. कोटेशनमध्ये आकडा लिहिला होता, माप नव्हतं. त्यातल्या तीन नळ्या तर आधीच गेलेल्या होत्या. या नळ्या थर्मासच्या बाटलीसारख्या असतात: काचेच्या दोन थरांमध्ये निर्वात पोकळी, म्हणून आतली उष्णता बाहेर पडत नाही. नळीच्या बंद टोकाला आतून बेरियमचा चंदेरी थर असतो. निर्वातपणा गेला, हवा शिरली की तो थर दुधासारखा पांढरा पडतो. नळीची इतकी सोपी परीक्षा आहे. पण ते टोक खाली स्टँडच्या प्लास्टिकच्या टोपीत जातं, त्यामुळे बसवल्यावर कोणाला दिसत नाही. मिस्त्रीने टोप्या काढल्या तेव्हा तीन टोकं पांढरीफटक निघाली. नळ्या बसवायच्या आधी जमिनीवर मांडून प्रत्येकीचं टोक बघा. बसवणाऱ्याला राग आला तर येऊ द्या.

टाकी रिकामी करून बादल्यांनी मोजली. दीडशेच्या आसपास लिटर. विचारल्यावर विक्रेता म्हणाला, नळ्यांतलं पाणी धरून दोनशे. नळ्या टाकीच्या खाली असतात, त्यातलं पाणी बादलीत उतरतच नाही. आणि आमच्या लहान नळ्यांत सगळं मिळून पंचवीस-तीस लिटरसुद्धा मावत नाही, म्हणजे त्याच्याच हिशोबानेही दोनशे होत नाहीत.

सगळ्यात वाईट निघालं इन्सुलेशन. टाकीच्या बाहेरच्या पत्र्याला एका जागी हात लावला तर तो गरम लागला. चांगल्या टाकीचा बाहेरचा पत्रा असा लागता कामा नये. मिस्त्रीने टोकाचं झाकण उघडलं. वरच्या बाजूला पफ होता, खालच्या भागात पोकळी होती, आणि झाकणाजवळ नुसता थर्मोकोलचा तुकडा कोंबलेला.

टाकी हा या सगळ्या प्रकरणाचा जीव आहे, हे शंभराहून जास्त वर्षं ठाऊक आहे. 1891 मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या क्लॅरन्स केंप यांनी सौर बंबाचं पेटंट घेतलं. काच लावलेल्या लाकडी पेटीत काळ्या रंगाच्या टाक्या, अशी ती रचना. दिवसा पाणी छान तापायचं, रात्री त्याच पेटीत निवून जायचं. 1909 मध्ये कॅलिफोर्नियात विल्यम बेली यांनी तापवणारा भाग आणि साठवणारी टाकी वेगळी केली, टाकीला भोवताली नीट आच्छादन दिलं, आणि रात्रीही गरम पाणी मिळू लागलं. आजची घरगुती रचना त्याच तत्त्वावर चालते. गरम पाणी हलकं होऊन वर टाकीत चढतं, गार खाली उतरतं, पंपही लागत नाही. आमच्या विक्रेत्याने हे 'अंतराळातलं नवं तंत्र' म्हणून विकलं, आणि टाकीच्या आच्छादनातच पैसे वाचवले.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगते. टाकीत मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड रॉड नव्हता, त्याची जागा बूच लावून बंद केलेली. क्षारयुक्त पाण्यात तो रॉड स्वतः झिजतो आणि टाकी वाचवतो. विक्रेत्याने दिलेलं चाचणीचं प्रमाणपत्र आयएसओ 9806 चं, म्हणजे सौर कलेक्टरच्या चाचणीच्या आंतरराष्ट्रीय मानकाचं, होतं खरं, पण त्यावरचा मॉडेल क्रमांक वेगळाच होता. टाकीवरची क्रमांकाची पट्टी खरवडलेली. वॉरंटी कार्डावर उत्पादकाचा शिक्का नाही, फक्त त्याचाच. आणि दुपारनंतर जिन्याच्या खोलीची सावली अर्ध्या नळ्यांवर.

सगळं समोर ठेवल्यावर त्याने नाकारलं नाही. म्हणाला, "ताई, तुमचं पाणीच जड आहे, इथे सोलर चालणारच नाही. हीट पंप घ्या, हे परत घेऊन वरचा फरक लावतो." एका युनिटला कायम चार युनिटची उष्णता, असा दावा. हीट पंप हे यंत्र खरं आहे आणि चांगलं आहे. ते हवेतली उष्णता खेचून पाण्यात घालतं, त्यामुळे एका युनिट विजेत साधारण तीन युनिटची उष्णता मिळते. पण हवा गार असेल आणि पाणी जास्त तापवायचं असेल तर हा आकडा घसरतो. 'कायम चार' असं सांगणाऱ्याकडून ते घेऊ नये. आम्ही नकार दिला. त्यानंतर त्याने फोन उचलणं बंद केलं.

मग मी त्या दोन घरी गेले. एका घरी वायरिंग तसंच निघालं, थेट, खटक्याविना. सगळ्यात आधी ते तोडून घेतलं. दुसऱ्या घरच्या काकूंकडे खटका होता, पण "याला हात लावू नका, टाकी फुटेल" असं सांगून त्यावर चिकटपट्टी लावलेली. खटका बंद करून संध्याकाळी पाणी मोजलं, 34 अंश. आता तिन्ही घरांची ग्राहक तक्रार एकत्र दाखल आहे. सासऱ्यांची रीडिंगची वही, इलेक्ट्रिशियनचा लेखी अहवाल आणि नळ्यांच्या टोकांचे फोटो तिला जोडले आहेत. निकाल लागायचा आहे.

ज्यांची सही अजून व्हायची आहे त्यांनी कोटेशनवर हे लिहून घ्यावं: नळ्यांची जाडी, लांबी आणि संख्या, नळ्या सोडून टाकीचे लिटर, इन्सुलेशनची जाडी, अ‍ॅनोड रॉड, कॉइलला स्वतंत्र एमसीबी, गळतीचं संरक्षण, अर्थिंग आणि दिसेल असा दिवा. शेवटचा हप्ता हातात ठेवावा. निरभ्र दिवशी, कॉइल बंद ठेवून, ठरलेलं तापमान विक्रेत्याच्या समोर थर्मामीटरवर दिसलं की मगच तो द्यावा, आणि ही अटही सहीच्या वरच लिहून घ्यावी, खाली नव्हे.