नागद्वारला पाय ठेवायला जागा नाही, मग कुठे? चौरागड, नरनाळा, साळबर्डी की आंबागड

आषाढ सरत आला की वरूड-मोर्शीपासून काटोल-सावनेरपर्यंत गावोगावी एकच विषय असतो: यंदा नागद्वारला, म्हणजे मध्य प्रदेशात पचमढीजवळच्या डोंगरातल्या नागदेवतेच्या यात्रेला, कोण कोण जातंय? सातपुडा व्याघ्र प्रकल्पातली ही वाट वर्षातून जेमतेम दहा दिवस, नागपंचमीपर्यंत, उघडते. त्यामुळे सारा विदर्भ एकाच वेळी एकाच पायवाटेवर येतो. शेवटच्या दोन-तीन दिवसांत तर लोखंडी शिड्यांपाशी रांग अशी लागते की पुढच्याने पाय उचलला तरच आपला पाय वर जातो. त्यात पाऊस, हाताला निसटणारा ओला गज आणि मागून रेटणारी पोरं. गाड्या भरलेल्या, पचमढीत मुक्कामाला खोली नाही. दरवर्षी कोणी ना कोणी विचारतं, दुसरीकडे कुठे जाता येईल? त्यांच्यासाठी हे लिहितोय.

ज्यांचा नवस आहे त्यांना मी पर्याय सुचवणार नाही. त्यांनी नागद्वारलाच जावं, फक्त वाट उघडल्या उघडल्या पहिल्या दोन-तीन दिवसांत जावं. भंडारे तेव्हाही सुरू असतात आणि शिड्यांवर श्वास घ्यायला सवड मिळते. बाकीच्यांनी आपल्याबरोबर कोण आहे हे बघून डोंगर निवडावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

महादेवाच्या ओढीने जाणारे असतील तर चौरागड. आहे पचमढीतच, पण वाट वर्षभर चालू असते, म्हणून नागपंचमीची गर्दी ओसरल्यावर पंधरा दिवसांनी आरामात जाता येतं. महाशिवरात्रीची जत्रा मात्र टाळा, तेव्हा इथे नागद्वारइतकीच दाटी असते. पचमढी गावातून गाडी मोठ्या महादेवाच्या गुहेपर्यंत जाते. तिथून चढ सुरू होतो, त्यात तेराशेच्या आसपास पायऱ्या. उंची साधारण 1,300 मीटर, म्हणजे सातपुड्याचं सर्वांत उंच शिखर असलेल्या धूपगडापेक्षा (1,352 मीटर) थोडीच कमी. नागद्वारला येण्या-जाण्यात सबंध दिवस मोडतो, कित्येकांची रात्रही वाटेतच जाते. चौरागड सकाळी निघालात तर दुपारच्या जेवणाआधी उरकतो. खांद्यावर त्रिशूळ घेऊन चढणारे भाविक वाटेत भेटतात, आणि वर मंदिराच्या अंगणात वर्षानुवर्षांच्या त्रिशुळांची जी दाटी आहे ती एकदा तरी बघावी. अडचण दोन गोष्टींची. नागपूरहून छिंदवाडा, तामिया, मटकुलीमार्गे पोचायला पाच-सहा तास लागतात, म्हणजे मुक्काम आला, खर्च आला. दुसरं म्हणजे गुडघे. चढताना दम लागतो तो बसलं की जातो, पण उतरताना पायऱ्या गुडघ्यात भरतात. साठीच्या पुढची मंडळी सोबत असतील तर त्यांना मोठ्या महादेवाच्या गुहेचं दर्शन घडवून खालीच थांबवा.

आता नरनाळ्याचा किल्ला. अकोटच्या उत्तरेला, मेळघाट व्याघ्र प्रकल्पात, उंची 912 मीटर. देवाच्या ओढीपेक्षा डोंगर, जंगल आणि पाऊस हवा असेल तर या यादीत मी नरनाळ्याला सगळ्यांत वर ठेवीन, अगदी चौरागडाच्याही. पायथ्याच्या शहानूरला वनविभागाचा नाका आहे. तिथे नोंद करून, शुल्क भरूनच पुढे सोडतात. पायी जाऊ देतील की गाडीनेच, सोबत वाटाड्या घ्यावा लागेल का, हे नियम हंगामाप्रमाणे बदलतात, म्हणून निघायच्या आधी चौकशी कराच. एकामागून एक दरवाजे ओलांडत महाकाली दरवाजापाशी आलात की घाई करू नका. पिवळसर दगडात कोरलेली कमळं, दोन्ही अंगांना झरोके, त्यांना दगडाचीच नाजूक जाळी आणि वर अरबी-फारसी अक्षरांची पट्टी. 1487 च्या सुमारास हा दरवाजा फतहुल्ला इमाद-उल-मुल्कने बांधून घेतला. त्यानेच पुढे 1490 मध्ये वऱ्हाडात इमादशाही स्थापली. पावसात दगड भिजला की त्याचा रंग गडद होतो आणि नक्षी उठून दिसते. वर शक्कर तलाव आहे, नऊगजी तोफ आहे, आणि कड्यावरून ढग फाटले की खाली वऱ्हाडचं काळंभोर रान दिसतं. इथे एवढी गर्दी का होत नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं. खाण्यापिण्याची सोय मात्र धरून चालू नका. भंडारा नाही, चहाची टपरी नाही. पोळी-भाजी, पाणी घरूनच न्या, आणि कागद-पिशव्या परत खाली आणा, जंगल वाघाचं आहे.

चिखलदऱ्याच्या गाविलगडाचं नाव कोणीतरी काढेलच. किल्ला मोठा मानाचा. 15 डिसेंबर 1803 रोजी इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेने तो घेतला तो उत्तरेच्या अंगाने, आणि आजही पठारावरून त्याच बाजूने जातात, त्यामुळे चढ फारसा नाही. पण पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी परतवाड्याहून वर जाणारा घाट गाड्यांनी तुंबतो. गर्दी टाळून गर्दीतच जायचं असेल तर नागद्वार काय वाईट? मंगळवार-बुधवारची सुटी मिळत असेल तर मात्र बेशक जा.

म्हातारी आई, लहान लेकरं आणि हातात एकच दिवस असं असेल, तर साळबर्डी. मोर्शीपासून अगदी जवळ, मध्य प्रदेशाच्या सीमेवर. चढ मध्यम आहे आणि वरच्या गुहेत महादेव. भस्मासुराच्या भीतीने महादेव इथल्या भुयारातून पचमढीला गेले असं जुनी माणसं सांगतात, त्यामुळे पचमढी चुकल्याची हुरहूर इथे थोडी कमी होते. महानुभाव पंथीयांना हा डोंगर चक्रधर स्वामींच्या वास्तव्यामुळे पवित्र. गुहेत वाकून उतरावं लागतं, कंबरदुखीवाल्यांनी बाहेरूनच हात जोडावेत. जोराचा पाऊस झाला असेल तर पायथ्याच्या नदीला पाणी किती आहे हे गावातल्या माणसाला विचारा, आणि तो नको म्हणाला तर उतरू नका. इथेही महाशिवरात्र सोडून कधीही चालेल.

भंडारा-गोंदियाकडच्यांनी एवढ्या लांब पश्चिमेला यायची गरज नाही. तुमसरजवळचा आंबागड चढायला छोटा आहे, तटबंदी अजून चांगली उभी आहे, आणि जवळच गायमुखला महादेवाचं दर्शनही होतं. नव्याने डोंगर चढू लागलेल्या पोरांना आधी इथे न्या. आंबागड हसतखेळत चढली, तर पुढच्या खेपेला त्यांना नरनाळ्याला न्यायला हरकत नाही.