बॅककोर्टची शिट्टी: फिबाचं पुस्तक धरायचं की अमेरिकन शाळांचं?

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे दिवसा सिमेंटच्या कोर्टवर उभं राहवत नाही, म्हणून बास्केटबॉलचे सामने रात्री होतात. शॉट क्लॉक, म्हणजे शॉट मारायला मिळणारे २४ सेकंद उलटे मोजणारं घड्याळ, बहुतेक ठिकाणी नसतंच. टेबलावर एक स्टॉपवॉच असतं, आणि शिट्टी वाजली की कुणीतरी मोबाइलवर अमेरिकेतली क्लिप दाखवत भांडायला येतो. नव्याने पंचगिरी करणाऱ्या पी.टी. शिक्षकाने मग बॅककोर्टचा नेमका कोणता नियम पाठ करावा: फिबाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचा, की अमेरिकन शाळांचा?

आधी जे दोन्हीकडे सारखं आहे ते. संघाचा ताबा फ्रंटकोर्टात, म्हणजे ज्या बास्केटवर हल्ला करायचा त्या अर्ध्यात, असताना चेंडू मागे स्वतःच्या अर्ध्यात, म्हणजे बॅककोर्टात गेला, तर दोनच गोष्टी बघायच्या: पुढे शेवटचा हात कुणाचा लागला आणि मागे पहिला कुणाचा. दोन्ही वेळा हल्ला करणाऱ्या संघाचाच असेल तर शिट्टी. डिफेन्डरच्या बोटाला लागून मागे गेलेला चेंडू कुणीही उचलावा. मात्र त्या बोटानंतर तो हल्ला करणाऱ्याच्याच गुडघ्याला पुढे लागून मागे गेला आणि त्याच्याच साथीदाराने उचलला, तर शिट्टी. इथे गर्दीतून "काय व्हयनं भो?" हमखास येतं.

मधली रेषा बॅककोर्टची. पुढे पोहोचलेल्या ड्रिबलरचा (चेंडू आपटत नेणाऱ्याचा) पाय रेषेला लागला की संपलं. उलट मागून पुढे येताना दोन्ही पाय आणि चेंडू, तिन्ही रेषेपलीकडे गेल्याशिवाय तो पुढे आलाच नाही. एक पाय पुढे टाकून मागे घेतला म्हणून शिट्टी मारणारे पंच मी पुष्कळ पाहिलेत. सुरुवातीला मीही मारली आहे.

आता फरक. चेंडू पुढे न्यायला फिबात ८ सेकंद, अमेरिकन शाळांत १०. एनबीए, ही अमेरिकेतली व्यावसायिक लीगही, २००१पासून ८ वरच आहे. सहाव्या सेकंदाला डिफेन्डरने चेंडू बाहेर घालवला, तर फिबात थ्रो-इननंतर (रेषेबाहेरून चेंडू आत टाकल्यावर) उरलेले दोनच सेकंद मिळतात. अमेरिकन शाळांत नवे १०. शॉट क्लॉक असेल तर २४ वरून १६ दिसले की ८ संपले, सोपं काम. नसेल तिथे हाताने मोजताना मागचा आकडा लक्षात ठेवणं जड जातं, हे मान्य.

खरा घोळ थ्रो-इनचा. फ्रंटकोर्टातून उडी मारून साथीदाराचा थ्रो-इन हवेत पकडला आणि बॅककोर्टात उतरला: अमेरिकन शाळांत चालतं, फिबात व्हायोलेशन, म्हणजे नियमभंग. कारण फिबात थ्रो-इन करणाऱ्याच्या हाती चेंडू आला की त्याच्या संघाचा ताबा सुरू झालेला असतो. तीच उडी डिफेन्डरने प्रतिस्पर्ध्याचा पास अडवताना मारली, तर दोन्हीकडे माफ, ताबाच नवा. दिसायला दृश्य एकच, म्हणून क्लिप दाखवणारा खोटं बोलत नसतो. तो दुसऱ्या पुस्तकातलं बोलत असतो.

माझं मत फिबाच्या बाजूने. धुळे, नंदुरबारची पोरं जिल्ह्यावरून विभागात आणि राज्यात गेली की तिथे फिबाच असतं. बारा वर्षांखालच्या शिबिरात मात्र मी १० सेकंदच देतो. त्या वयात चेंडू पुढे नेणं हेच काम. तेवढं सामन्याआधी दोन्ही कॅप्टनना बोलावून सांगायचं आणि टेबलावरच्या कागदावर लिहून ठेवायचं.