एमएला कोल्हापूर की पुणे? सांगलीकराचा हिशेब

सांगलीच्या स्टँडवरून सकाळची कोल्हापूर एसटी धरली की पहिल्या तासाला पोचता येतं, हा शिवाजी विद्यापीठाचा पहिला फायदा. आई डबा देते. हातकणंगल्यापर्यंत भाकरीचा वास अख्ख्या गाडीला कळतो! १९६२ साली हे विद्यापीठ निघालं. उद्घाटनाला राष्ट्रपती राधाकृष्णन आले होते, पहिले कुलगुरू आप्पासाहेब पवार. सातारा, सांगली, कोल्हापूरची पोरं लांब न जाता शिकावीत, हाच त्यामागचा विचार. साडेआठशे एकरांचा माळ, मधोमध शिवरायांचा अश्वारूढ पुतळा, आणि 'कमवा आणि शिका'वर राहणारी खेड्यातली पोरं. ही परंपरा कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्याची.

पुण्याचं विद्यापीठ १९४९ चं, २०१४ पासून सावित्रीबाई फुले यांच्या नावाचं. गणेशखिंडीतली मुख्य इमारत म्हणजे एकेकाळचा गव्हर्नरचा बंगला. वडाची झाडं मात्र अशी, की पारंब्यांखाली बसलं की तास बुडतोच. स्पर्धा परीक्षा, ओळखी, नोकरी हे सगळं तिथं जवळ. पण खोलीभाडं ऐकून बाबा दोन दिवस बोलले नव्हते.

माझं मत? एमए करायचं तर कोल्हापूर. पुण्याला नंतर जाताच येतं.