ओव्हनमध्ये टांगायचा थर्मामीटर: घ्यावा का, आणि वाचावा कसा

केक मधोमध खचला की संशय बेकिंग पावडरवर जातो, बिस्किटं करपली की रेसिपीवर. नॉबवरच्या आकड्यावर सहसा कुणाचा संशय जात नाही. पण तो आकडा म्हणजे मोजलेलं तापमान नव्हे, आपण थर्मोस्टॅटला, म्हणजे उष्णता चालू-बंद करून तापमान राखणाऱ्या भागाला, दिलेली सूचना असते. आत खरोखर किती आहे हे कळायला तबकडीचा साधा थर्मामीटर लागतो. मेकॅनिकला बोलावण्याआधी तो घ्यावा, असं आमचं ठाम मत आहे.

यात बॅटरी नाही, वायर नाही. दोन वेगवेगळ्या धातूंची जोडपट्टी गुंडाळलेली असते, ती तापली की पीळ बदलतो आणि काटा फिरतो. याचा मोठा दोष म्हणजे संथपणा. काटा स्थिरावायला दहा-पंधरा मिनिटं जातात, म्हणून दार उघडून आकडा बघणं व्यर्थ. तो काचेतून, लागलं तर टॉर्च मारून वाचायचा.

जागा मधल्या जाळीच्या मधोमध. वरच्या एलिमेंटच्या (विजेवर तापणाऱ्या सळीच्या) जवळ टांगला तर त्याची थेट धग लागून आकडा जास्त येतो. भिंतीला टेकूनही चालत नाही.

ओव्हन 180 अंश सेल्सिअसवर लावा. प्रीहीटचा दिवा विझला तरी भिंती अजून तापायच्या असतात, म्हणून पुढे वीस-तीस मिनिटं थांबा. मग एलिमेंट चालू-बंद होण्याच्या तीन फेऱ्यांत सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आकडा टिपा. समजा 168 आणि 194 आले. सरासरी 181, म्हणजे ओव्हन ठणठणीत आहे. इतकं खालीवर होणं हा दोष नाही, थर्मोस्टॅटचं कामच तसं चालतं. एकच आकडा बघून ओव्हनला नावं ठेवणारे इथेच फसतात.

सरासरी 155 आली तर हीच तपासणी 150 आणि 220 वर पुन्हा करा. तिन्ही ठिकाणी साधारण 25 अंशांचाच फरक असेल तर थर्मोस्टॅट सरकलाय. डिजिटल ओव्हनमध्ये बहुधा सेटिंगमधून तो जुळवता येतो, काही नॉबवाल्या मॉडेलमध्ये नॉबमागे स्क्रू असतो. तेही नसेल तर मनातल्या मनात 25 वाढवून लावा, चालतं. फरक तापमानाबरोबर वाढत गेला तर उष्णता कमी पडतेय किंवा बाहेर जातेय. दारात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि पट्टी ओढा. ती सहज निसटली तर तिथलं रबर बसलंय किंवा बिजागरी सैल झालीय. चारही बाजूंनी बघा, खालचा कोपरा बहुतेक वेळा राहून जातो. दार नीट असेल तर एलिमेंट तपासायचं: प्लग काढून, ओव्हन गार झाल्यावर, एक वायर सोडवून मल्टीमीटर (विजेचा रोध मोजणारं यंत्र) लावायचा. 230 व्होल्टवर चालणाऱ्या 1000 वॉटच्या एलिमेंटचा रोध साधारण 53 ओहम भरतो. काहीच दाखवलं नाही तर एलिमेंट गेलं.

काटा सेटिंग ओलांडून चढतच राहिला तर लगेच प्लग काढा. थर्मोस्टॅटचे पॉइंट (वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) चिकटले असण्याची शक्यता आहे, आणि तो बदलेपर्यंत ओव्हन वापरायचा नाही.

थर्मामीटरच खोटा असेल तर? त्याला साखर उपयोगी पडते, कारण ती 186 अंशांच्या आसपास वितळते. फॉइलच्या वाटीत अर्धा चमचा साखर घ्या. थर्मामीटरची सरासरी 170 असताना पंधरा मिनिटं ठेवली तर दाणे सुटे राहायला हवेत, नवी साखर घेऊन 195 ला ठेवली तर वितळायला हवी. चाचणी ढोबळ आहे, पण मोठी चूक पकडते.

जे हा थर्मामीटर सांगू शकत नाही तेही कळलेलं बरं. तापमान बरोबर असूनही तळ करपत असेल तर आधी ट्रे बघा. काळा ट्रे चकचकीत ट्रेपेक्षा जास्त उष्णता शोषतो. एकच बाजू लाल होत असेल तर थर्मामीटर चारही कोपऱ्यांत फिरवून बघा, आणि ट्रेच्या कडेने हवा फिरायला तीन-चार सेंटिमीटर जागा सोडा.

घेताना तबकडी मोठी आणि आकडे ठळक असलेला घ्या. फॅरनहाइट आणि सेल्सिअस दोन्ही असतील तर सेल्सिअसचे आकडे मोठे हवेत. टांगायला नुसता हुक असलेल्यापेक्षा हुक आणि खाली बैठक, दोन्ही असलेला बरा, कारण जाळी ओढताना लटकलेला थर्मामीटर हमखास निसटतो. तेलकट वाफेने काच पिवळी पडते, म्हणून मोजणी झाली की बाहेर काढून ठेवा. पुसायला ओलं फडकं पुरतं, पाण्यात बुडवू नका.