इरॅस्मस प्लसचं जॉब शॅडोइंग: पार्टनर शाळेत पाच दिवस

युरोपात शिकवणारे आपले मराठी शिक्षक मला बरेचदा विचारतात की इरॅस्मस प्लसमधून, म्हणजे युरोपियन युनियनच्या शिक्षण कार्यक्रमातून, दुसऱ्या देशातल्या पार्टनर शाळेत जॉब शॅडोइंगला, म्हणजे तिथल्या शिक्षकांचं काम जवळून बघायला, जाऊन नेमकं काय मिळतं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. आमच्या शाळेतून आम्ही तिघी गेलो होतो. त्या शाळेबरोबर आमचं वर्षभर ई-ट्विनिंगवर (युरोपातल्या शाळांनी मिळून ऑनलाइन प्रोजेक्ट करायची जागा) प्रोजेक्ट चालू होतं, त्यामुळे तिथली बरीच मुलं आधीच चेहऱ्याने ओळखीची होती आणि याचा खूप फायदा झाला.

आधी कामाचं सांगते. एकट्या शिक्षकाला अर्ज करता येत नाही, शाळेने आपल्या देशाच्या नॅशनल एजन्सीकडे (त्या देशात इरॅस्मस प्लसचं काम बघणारी संस्था) करायचा असतो, म्हणजे आधी मुख्याध्यापकांना पटवा. जॉब शॅडोइंग २ ते ६० दिवसांचं असू शकतं. प्रवासाचा निधी अंतरावरून ठरतो, राहण्याजेवणाचा कुठल्या देशात जाताय त्यावरून. परत आल्यावर ऑनलाइन रिपोर्ट भरावाच लागतो, तो लगेच भरून टाका, नंतर बारीकसारीक गोष्टी आठवत नाहीत.

आता अनुभव. पहिले दोन दिवस वाया गेले असंच म्हणेन. स्वागत झालं, प्रेझेंटेशन झालं, लॅब बघितली, लायब्ररी बघितली, प्रत्येक ठिकाणी फोटो, आणि वर्गात नेलं तरी दहा मिनिटांत बाहेर. माणसं फार प्रेमळ होती, पाहुणचारात काहीच कमी नव्हतं, पण मी वर्ग बघायला गेले होते आणि इकडे माझे तास सहकारी आपला फ्री पीरियड सोडून घेत होते, ते सारखं डोक्यात होतं. शेवटी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिथल्या कोऑर्डिनेटर मॅडमना सरळ सांगितलं की मला एकाच वर्गात मागच्या बाकावर बसू द्या. त्यांना वाटत होतं आम्ही कंटाळू! लगेच हो म्हणाल्या.

आणि मग जे बघितलं त्यासाठी अख्खी ट्रिप वसूल. गणिताचा तास, अपूर्णांक. बाईंनी फळ्यावर ३/४ आणि ५/७ लिहिलं, मोठा कुठला ते विचारलं आणि खडू खाली ठेवून गप्प उभ्या राहिल्या. कुणीच बोलेना. मी मनात आकडे मोजत होते, आठपर्यंत आले तेव्हा खिडकीजवळचा एक मुलगा उठला. भाषा मला येत नव्हती पण फळ्यावरचं सगळं कळत होतं, त्याने ३/४ पुढे १/४ लिहिलं, ५/७ पुढे २/७, म्हणजे पूर्ण एक व्हायला किती कमी पडतंय ते, आणि मग १/४ खोडून २/८ केलं. २/८ हे २/७ पेक्षा लहान, म्हणजे ३/४ ला कमी पडतंय, म्हणून ३/४ मोठा. झालं उत्तर! छेद सारखे न करता. बाईंच्या जागी मी असते तर दोन सेकंदांत कुणाला तरी उठवलं असतं हो.

मेरी बड रो या अमेरिकन शिक्षण-संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात हेच मांडलं होतं, की शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात आणि तीन सेकंद थांबलं तरी मुलांची उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येतात. ट्रेनिंगमध्ये वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं, पण ती शांतता वर्गात बसून अनुभवली तेव्हा कुठे कळलं.

तर माझ्याकडून पाचपैकी चार. एक कापला तो त्या दोन दिवसांसाठी, आणि त्यात आमचीही चूक आहे कारण लर्निंग प्रोग्रॅम (तिथे काय बघायचं-शिकायचं याचा आराखडा) ठरवताना आम्ही 'वर्ग निरीक्षण' एवढंच मोघम लिहिलं होतं. कुठला वर्ग, कुठला तास, किती वेळ, हे जायच्या आधी मेलवर पक्कं करून घ्या.

पुढच्या टर्मला त्यांच्याकडचे दोघं आमच्याकडे येतायत. टाइमटेबल आजच पाठवलंय, पहिल्या दिवशी पहिला तास थेट माझ्या वर्गात.