विलांद्रीचा शातो: अर्धा दिवस तरी काढा, आणि आधी बाग बघा

फ्रान्सला लुआर नदीच्या पट्ट्यात जाणाऱ्यांच्या लिस्टवर शाम्बोर आणि शनोंसो हे शातो, म्हणजे जुने महाल, असतातच, पण माझं ऐकाल तर विलांद्रीला नीट वेळ द्या. तूर शहरापासून साधारण 15 किमीवर आहे. टूरच्या प्लॅनमध्ये अर्ध्या तासाचा फोटो स्टॉप असेल तर स्पष्ट नाही म्हणा, अर्ध्या तासात इथलं काहीच कळत नाही.

शातो 1536 च्या आसपासचा, फ्रान्स्वा पहिला या राजाचा अर्थखात्यातला माणूस जाँ ल ब्रेतों याने बांधलेला. पण आज आपण जे बघतो ते खरं तर एका जोडप्याचं काम आहे. जोआकिम कार्व्हालो हा स्पॅनिश डॉक्टर आणि त्याची अमेरिकन बायको ॲन कोलमन, दोघंही पॅरिसला संशोधन करायचे, 1906 ला त्यांनी हा शातो घेतला आणि करिअर सोडून यातच उतरले. अठराव्या शतकात दर्शनी भागात केलेले बदल काढून टाकले, आणि बाहेर एकोणिसाव्या शतकातलं इंग्लिश पद्धतीचं पार्क होतं ते उखडून जुनी चित्रं आणि नकाशे अभ्यासून रेनेसाँ काळासारखी, म्हणजे शातो बांधला त्या काळासारखी, बाग नव्याने उभी केली. म्हणजे ही बाग 500 वर्षं जशीच्या तशी टिकलेली नाहीये. काहींना हे खटकतं, एका काळासाठी दुसरा काळ पुसायचा का हा प्रश्न खराच आहे. मला विचाराल तर इथे तो निर्णय पटतो, कारण घर आणि बाग आता एकाच विचाराची वाटतात.

भाजीच्या मळ्यात तर मी किती वेळ होते मलाच कळलं नाही. एकसारख्या आकाराचे नऊ चौकोन, पण प्रत्येकातली नक्षी वेगळी, बुटक्या कातरलेल्या झुडपांची कड आणि आत कोबी, बीट, गाजर, भोपळे, सगळं रंग बघून लावलेलं, निळसर पानांशेजारी लाल पानं वगैरे. वर्षातून दोनदा लागवड होते, एकदा वसंतात आणि एकदा जूनमध्ये, आणि पिकांची फेरपालट पण करतात, म्हणजे या वर्षी जिथे कोबी आहे तिथे पुढच्या वर्षी कोबी नाही. 2009 पासून मळा सेंद्रिय आहे. ज्याच्या घरी शेती आहे त्याला तर बघायलाच हवा.

त्याच्या वर शोभेची बाग, तिथे प्रेमाचे चार प्रकार झाडांच्या आकारात कातरलेत, हळवं, उत्कट, चंचल आणि शोकांत. सगळ्यात वर पाण्याची बाग, एकदम शांत. लिंडनची झाडंच 1000 च्या वर आहेत, आणि ती दर वर्षी छाटायची! रिस्टोरेशन एकदा करून संपत नाही, दर सीझनला परत करावं लागतं, ते इथे डोळ्यांना दिसतं आणि म्हणून तिकिटाचे पैसे द्यायला बरं वाटतं.

महाल आतून ठीकठाक, शाम्बोरसारखा भव्य नाही. पण स्पेनमधल्या टोलेडोहून आणलेलं 3000 हून जास्त लाकडी तुकड्यांचं छत आहे ते अजिबात चुकवू नका, आणि जुन्या किल्ल्याचा उरलेला बुरूज चढून जा, बागेची नक्षी वरूनच नीट कळते. फक्त बागेचं वेगळं तिकीट मिळतं, पण या दोन गोष्टींसाठी मी पूर्ण तिकीटच घ्या म्हणेन.

अजून एक सांगायलाच हवं. याच कार्व्हालोने 1924 ला ऐतिहासिक घरांच्या मालकांची संघटना काढली, ला दमर इस्तोरिक, आणि अशी घरं लोकांना खुली करावीत म्हणून धडपड केली. आज त्याचा पणतू हे सगळं चालवतो.

कधी जायचं? माझं मत सप्टेंबर, भोपळे आलेले असतात. हिवाळ्यात महाल काही काळ बंद असतो पण बाग वर्षभर उघडी असते. सायकल चालवायची तयारी असेल तर लुआरचा सायकलमार्ग इथूनच जातो, तसं याल तर उत्तमच.